परक्या गावी खांदा कोण देणार?

र्‍होड्स या ग्रीक बेटावरील प्राचीन शिलालेखांविषयीच्या मागील अंकातील लेखात, तेथील खासगी धर्मसंघांच्या मालकीच्या दफनभूमींचा उल्लेख दोन ओळींत आटोपला होता. नेमक्या त्या दोन ओळींवरच वाचकांची सर्वांत अधिक पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : नगराची देवळे, नगराचे पुजारी आणि नगराचे उत्सव असताना ग्रीक लोकांना खासगी धर्मसंघ काढावेसे का वाटले? हे संघ म्हणजे वेगळे पंथ होते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पंथ म्हटले की एक शिकवण, एक गुरू आणि इतरांपासून फारकत असे चित्र आपल्यासमोर येते. या संघांत सहसा तसे काही नव्हते. त्यांचे सभासद नगराच्या उत्सवांनाही जात आणि शिवाय ठरलेल्या दिवशी आपल्या संघाच्या देवापुढे जमून बळी अर्पण करत व एका पंगतीला बसत. थियासोस, ऑर्गेओनेस, एरानोस, कोइनोन अशी त्यांची निरनिराळी नावे शिलालेखांत आढळतात आणि त्यांतील भेद गावागणिक व काळागणिक बदलत जातो. त्यांतल्या एरानोस या शब्दापाशी मात्र थोडे थांबण्यासारखे आहे. प्रत्येकाने आपापला वाटा आणून केलेले जेवण हा त्याचा जुना अर्थ. पुढे मित्रांनी वर्गणी करून अडलेल्या माणसाला दिलेले बिनव्याजी कर्ज असा अर्थ त्याला आला आणि शेवटी अशी देवघेव करणाऱ्या संघालाच ते नाव पडले. भिशी आणि भजनी मंडळ एकाच घरात भरत असल्याची कल्पना केली, तर या संघांच्या स्वरूपाच्या बरेच जवळ जाता येते.

र्‍होड्सवर तर संघाच्या नावावरूनच त्याचे दैवत कळते. सूर्यदेव हेलिओसचे ते हालियास्ताई, प्रेमदेवता आफ्रोदितेचे ते आफ्रोदिसियास्ताई, इजिप्तकडून आलेल्या सारापिस देवाचे ते सारापियास्ताई. पुष्कळदा त्याला संस्थापकाचे किंवा आश्रयदात्याचे नावही जोडलेले असते.

असे संघ काढण्याला कायद्याचा आधार होता. अथेन्सचा स्मृतिकार सोलोन याच्या नावावर सांगितला जाणारा एक कायदा गायस या रोमन विधिज्ञाने उद्धृत केला आणि तो इ.स. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने करवून घेतलेल्या संग्रहात टिकून राहिला. त्यात निरनिराळ्या गटांची यादी आहे आणि अशा लोकांनी आपसांत जे ठरवले असेल, ते सार्वजनिक कायद्याच्या विरुद्ध नसेल तर त्यांच्यावर बंधनकारक राहील, असे म्हटले आहे. या यादीत एकत्र जेवणारे आहेत, खलाशी आहेत, व्यापारासाठी निघालेले आहेत, थियासोसचे सभासद आहेत आणि त्यांच्याच ओळीत ‘होमोताफोई’ आहेत. होमोताफोई म्हणजे ज्यांची कबर एक आहे ते. एका ताटात जेवणारे आणि एका कबरीत निजणारे लोक कायद्याच्या एकाच वाक्यात शेजारी बसलेले पाहिले की पुढच्या सगळ्या प्रश्नांची दिशा कळते.

प्रश्न : मी गेली तीस वर्षे देशाबाहेर आहे. येथे कोणी आपला माणूस गेला की मंडळातली माणसे फोनवर फोन करून सगळी व्यवस्था करतात, म्हणून हा विषय मला जवळचा वाटला. ग्रीक नगरांत परक्या माणसाला मरणानंतर जागा मिळत नसे का? संघाने स्वतःची दफनभूमी घेण्याची वेळ का येई? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. परक्या माणसाला अथेन्समध्ये कबर मिळतच नसे, असे नव्हते. केरामेइकोस या अथेन्सच्या प्रसिद्ध दफनभूमीत आणि पिरेयस बंदराच्या परिसरात परगावच्या लोकांच्या कितीतरी समाधिशिला सापडल्या आहेत. अडचण दोन गोष्टींची होती. एक जमिनीची आणि दुसरी माणसांची.

नागरिकाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी कुटुंब पुरवत असे. कुटुंबाची कबर हा केवळ भावनेचा विषय नव्हता, तो नागरिकत्वाचा पुरावाही होता. अथेन्समध्ये आर्खोन या वरिष्ठ शासकीय पदासाठी निवड झालेल्या माणसाची जी चौकशी होई, तिच्यात बाप कोण, आई कोण, देवघरातले देव कुठे आहेत, आईबापांना नीट वागवतोस का, या प्रश्नांबरोबरच ‘तुमच्या घराण्याच्या कबरी कुठे आहेत?’ हाही प्रश्न असे. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात ही माहिती दिली आहे. ज्याच्या आजोबांची हाडे सायप्रसमध्ये किंवा फिनिशियाच्या किनाऱ्यावर आहेत, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? अथेन्समध्ये स्थायिक झालेला परका पुरुष वर्षाला १२ द्राख्मा आणि स्वतंत्र राहणारी स्त्री ६ द्राख्मा कर भरत असे, लढाईलाही जात असे; पण जमीन मालकीची करून घ्यायची तर लोकसभेचा खास ठराव लागे. त्या हक्काला ‘एन्क्तेसिस’ म्हणत. इ.स.पू. ३३३-३३२ मध्ये सायप्रसमधील कितिऑन गावच्या व्यापाऱ्यांना आफ्रोदितेचे मंदिर बांधण्यासाठी जमीन घेण्याची परवानगी मिळाली, ती लिकुर्गोस या मातब्बर पुढाऱ्याने ठराव मांडल्यावर. आणि त्याच ठरावात, इजिप्शियनांना इसिस देवीच्या मंदिरासाठी अशी परवानगी आधी दिलेली आहे, असा दाखला जोडलेला आहे. मंदिराच्या जागेसाठी जिथे एवढी खटपट, तिथे एकट्यादुकट्या माणसाने कबरीची जागा कायमची आपल्या नावावर राहील अशी खात्री कशाच्या बळावर धरावी?

दुसरी अडचण मला अधिक मोठी वाटते. ग्रीक अंत्यविधीत मृताला घरातून बाहेर नेण्याच्या मिरवणुकीला ‘एक्फोरा’ म्हणत. शब्दाचा अर्थच ‘वाहून बाहेर नेणे’ असा आहे. पुढे तिसऱ्या, नवव्या आणि तिसाव्या दिवसाचे विधी असत आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कबरीवर जाऊन तर्पण करायचे असे. हे सगळे पुत्रपौत्रांनी करायचे. मुलगा समुद्रापलीकडे असेल किंवा मुलगाच नसेल, तर खांदा कोणी द्यायचा आणि तिसाव्या दिवशी कबरीवर कोणी जायचे?

पिरेयस येथे सापडलेल्या एका थियासोसच्या नियमांत याचे उत्तर मिळते. हा लेख साधारणपणे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचा किंवा तिसऱ्याच्या आरंभीचा आहे. सभासद वारला तर त्याचा मुलगा, भाऊ, बाप किंवा संघातील जो कोणी त्याच्या सर्वांत जवळचा असेल त्याने कळवावे आणि मग त्या आप्तांनी व सगळ्या मित्रांनी एक्फोराला जावे, असे त्यात सांगितले आहे. लगेच पुढचे कलम येते : सभासदावर अन्याय झाला तर याच सगळ्यांनी त्याच्या मदतीला धावून जावे, म्हणजे देवांशी आणि मित्रांशी आपण कसे निष्ठेने वागतो हे सर्वांना दिसेल. प्रेतयात्रा आणि कोर्टकचेरी, दोन्हीकडे तीच माणसे.

येथे ‘मित्र’ हा शब्द नुसता गोडव्यासाठी आलेला नाही. केरामेइकोसमध्ये सापडलेली एक समाधिशिला पाहा. ती आस्कालोन गावच्या अंतिपात्रोस नावाच्या माणसाची आहे. लेख ग्रीक आणि फिनिशियन अशा दोन भाषांत कोरलेला आहे. फिनिशियन ओळींत त्याचे नाव शेम आणि बापाचे नाव अब्दअश्तार्त आहे, आणि ग्रीक ओळीत त्याच बापाचा आफ्रोदिसिओस झाला आहे, म्हणजे फिनिशियन देवी अस्तार्तेच्या सेवकाला आफ्रोदितेचे नाव मिळाले. शिळेवर चित्र आहे : मृताच्या अंगावर एक सिंह झुकलेला, एक माणूस त्याला अडवतो आहे आणि मागे गलबताची नाळ, म्हणजे पुढचे टोक. खालच्या काव्यात मृतच बोलतो. द्वेषी सिंह मला विखरून टाकायला आला, पण मित्रांनी त्याला परतवले आणि मला येथे कबर दिली. मी फिनिशिया सोडून आलो आणि या मातीत माझा देह झाकला गेला आहे, असा त्याचा आशय आहे. शिळा उभारली ती सिदोन गावच्या दोमसालोस नावाच्या माणसाने, आस्कालोनच्या कोणा नातलगाने नव्हे. येथे संघाचा उल्लेख नाही, परंतु ज्या भीतीतून संघाचे नियम आणि संघाच्या दफनभूमी निर्माण झाल्या, ती भीती या सिंहाच्या रूपात दगडावर उभी आहे.

प्रश्न : दफनभूमी घेतली तरी ती संघाच्याच ताब्यात राहील याची व्यवस्था काय होती? मालक वारला, वारसांनी दावा केला, असे झाले तर? शिवाय ग्रीक लोक दहन करत की दफन? (एक निवृत्त तलाठी, जिल्हा सातारा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दोन्ही प्रकार होते, आणि दहनानंतरही अस्थी भांड्यात घालून कबरीत ठेवल्या जात. त्यामुळे आपण सोयीसाठी दफनभूमी म्हणत असलो, तरी तिथे देह आणि अस्थिकलश दोन्ही असू शकत.

आता जमिनीविषयी. आपण ज्या खात्यात आयुष्य घालवले, त्या दृष्टीने पाहिले तर र्‍होड्स आणि कॉस ही दोन बेटे आपल्याला फार आवडतील. कॉस बेटावर हद्दीचे दगड मोठ्या संख्येने सापडले आहेत. त्यांवर मजकूर अगदी मोजका असतो : अमुक थियासोसच्या कबरींची हद्द. काही दगडांवर संघाच्या प्रमुखाचेही नाव असते. बांधाच्या दगडाने बोलावे तेवढेच ते बोलतात, पण शेजाऱ्याने नांगर पुढे सरकवू नये म्हणून तेवढे पुरेसे होते.

र्‍होड्सवर याच्या पुढची पायरी दिसते. तेथे जमिनीच्या हस्तांतराच्या दस्ताला ‘आम्फुरिआस्मोस’ असा खास शब्द होता. आफ्रोदितेच्या भक्तांचा आणि हेर्मोगेनेसच्या नावाने ओळखला जाणारा एक संघ इ.स.पू. दुसऱ्या शतकात ठराव करतो की, संघाच्या मालकीच्या स्थावर मिळकतीचे व दफनभूमीचे हे दस्त दगडी शिळेवर कोरून घ्यावेत. सातबाऱ्याचा उतारा दगडावर कोरून मिळकतीच्या जागी उभा करावा, तसाच हा प्रकार. दस्त कोणा एकाच्या पेटीत राहिला तर त्या माणसाबरोबर तोही नाहीसा होण्याची भीती असते. शिळेवर आला की तो येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येतो. आपण विचारलेल्या वारसांच्या दाव्याला संघाकडे याहून चांगले उत्तर नव्हते.

त्याच बेटावरचा आणखी एक लेख म्हणजे देणगीदारांची यादी आहे. भूकंपात पडलेली भिंत आणि पडलेली स्मारके पुन्हा उभी करण्यासाठी संघाच्या सभासदांनी ज्या रकमा कबूल केल्या आणि दिल्या, त्या नावानिशी कोरल्या आहेत. देवळाच्या जीर्णोद्धाराची आपल्याकडची फरशी डोळ्यांसमोर आणा. दफनभूमीला भिंत होती, आत एकापेक्षा अधिक स्मारके होती आणि जिवंत सभासद मेलेल्यांच्या भिंतीसाठी खिशात हात घालत होते, इतके सगळे त्या यादीच्या एका शीर्षकावरून कळते.

प्रश्न : या सगळ्याचा खर्च कसा भागत असे? आणि सभासद प्रेतयात्रेला खरोखर येत का, की नियम कागदावरच राहत? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वर्गणी, प्रवेशशुल्क, दंड आणि सधन सभासदांच्या देणग्या या मार्गांनी पैसा येई. अथेन्सच्या लेखांत ‘ताफिकॉन’ असा शब्द येतो. तो अंत्यविधीसाठी संघाने द्यायच्या रकमेचा आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या एका लेखात खजिनदाराचा गौरव करताना, त्याने मृतांचे ताफिकॉन तत्काळ दिले, ही गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. ‘तत्काळ’ या शब्दाचे मोल ज्यांच्या घरी प्रेत ठेवलेले असते त्यांना कळते.

तिजोरीत पैसे नसले तर काय? इ.स.पू. १७८-१७७ मध्ये पिरेयस येथील महामाता या देवीच्या ऑर्गेओनेसनी पाइओनिदाई या विभागातल्या हेर्माइओस या खजिनदाराचा सन्मान केला. त्याच्या सत्कार्यांत असे म्हटले आहे की, संघाकडे पैसा शिल्लक नसताना त्याने वारलेल्या काही सभासदांच्या अंत्यविधीसाठी स्वतःची रक्कम पुढे केली, ती अशासाठी की मरणानंतरही त्यांची शोभा राहावी. मूळ ग्रीक क्रियापद सभ्य, नीटनेटक्या रीतीने असण्याचे आहे. गरिबाच्या मरणात जे सर्वांत आधी हरवते, त्यासाठी नेमका शब्द त्या ठरावाच्या लेखकाला सापडला, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

हजेरीविषयी आपली शंका त्या लोकांनाही होती. अथेन्समधील इओबाक्खोई या मद्यदेव दिओनिसोसच्या भक्तांच्या संघाचे नियम एका स्तंभावर कोरलेले सापडले, इ.स. १६४-१६५च्या सुमारास, हेरोदेस आत्तिकस हा धनाढ्य वक्ता संघाचा पुजारी झाला, तेव्हाचे ते आहेत. त्यांचे कलम असे : सभासद वारला तर त्याच्यासाठी पाच देनारींपर्यंतची (देनारी हे रोमन नाणे) पुष्पमाला असावी, अंत्यविधीला आलेल्यांपुढे वाइनचा एक घडा ठेवावा आणि जो अंत्यविधीला आला नाही त्याला त्या वाइनमध्ये वाटा नाही. इजिप्तमधील तेब्तुनिस गावी पपायरसवर ग्रीक भाषेत लिहिलेले, सम्राट तिबेरियसच्या काळातले एका संघाचे नियम याहून कडक आहेत. तेथे सभासद वारला की सर्वांनी मुंडन करायचे आणि प्रत्येकाने एक द्राख्मा व दोन पाव आणून एका दिवसाचे भोजन करायचे. जो हे टाळेल त्याला दंड. सुतक पाळण्याची ही सक्ती रक्ताचे नाते नसलेल्या माणसांवर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा अर्थ उमगतो. केस उतरवणारा माणूस त्या दिवसापुरता मृताचा भाऊ झालेला असतो.

प्रश्न : म्हणजे हे संघ मुळात ‘अंत्यविधी मंडळे’च होते, देव नावापुरता होता, असे म्हणावे का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : असे म्हणू नये. हा समज रोमन जगाच्या अभ्यासातून आला. मोम्सेन या जर्मन पंडिताने १८४३ मध्ये रोमन संघांवर लिहिताना अंत्यविधीसाठी स्थापन झालेल्या संघांचा एक वेगळाच वर्ग कल्पिला. त्यामागचा मुख्य आधार होता इटलीतील लानुविउम येथील इ.स. १३६ चा शिलालेख, ज्यात प्रवेशशुल्क, मासिक वर्गणी आणि मृत्यूनंतर मिळणारी रक्कम असा सगळा हिशोब आहे. पण तो संघही दिआना देवीचा आणि देव मानल्या गेलेल्या अंतिनोउसचा होता, आणि त्याच लेखात ठरावीक दिवसांच्या मेजवान्यांचे नियम विस्ताराने दिलेले आहेत. आजचे बहुतेक अभ्यासक ती वर्गवारी सोडून देतात. ग्रीक संघांना तर ती कधीच नीट बसली नाही. जे लोक एका देवापुढे जमतात आणि एका पंगतीला जेवतात, तेच एकमेकांना खांदा देतात; यात मुख्य काय आणि गौण काय, असा प्रश्न त्यांना पडला असता असे वाटत नाही.

देलोस बेटाचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. अपोलो देवाचे जन्मस्थान म्हणून इ.स.पू. ४२६-४२५ मध्ये अथेन्सने ते बेट शुद्ध केले, जुन्या कबरी उकरून हलवल्या आणि यापुढे बेटावर कोणी जन्मू नये व मरू नये, असे ठरवले. मृतांना समोरच्या रेनेइआ बेटावर नेत. तरीही पुढे त्याच देलोसवर बेरितोस, म्हणजे आजच्या बैरूतच्या, व्यापाऱ्यांचा, समुद्रदेव पोसेइदोनच्या भक्तांचा संघ मोठी वास्तू बांधून नांदला. जिथे एकही कबर खणायला मनाई होती, तिथेही संघ होतेच.

प्रश्न : आमच्या गोव्यातील माणसे मुंबईला बोटीवरच्या नोकरीसाठी जात तेव्हा गावच्या ‘कुडा’त उतरत. तिथे संताची वेदी, रोजची प्रार्थना, वर्गणी आणि नियम असत. ही तुलना योग्य आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तुलना योग्य आहे, आणि गिरणगावातील कोकणी गावकरी मंडळेही तिच्यात घालता येतील. दर्यावर्दी आणि मजूर माणसे, परके बंदर, गावाचे दैवत, सामाईक पेटी, या गोष्टी दोन्हीकडे आहेत. फरक एकच, पण मोठा आहे. कुडाचा आधार गाव असतो. ग्रीक संघांत काही कितिऑनच्या किंवा बेरितोसच्या लोकांसारखे एका गावचे होते, तर र्‍होड्सवरच्या पुष्कळ संघांत निरनिराळ्या गावांचे लोक एकत्र दिसतात आणि काही संघांत गुलामही आढळतात. दिओनिसोदोरोस नावाचा अलेक्झांड्रियाचा माणूस तिथे हालियादाई व हालियास्ताई यांच्या संघाचा प्रमुख होता आणि इतर संघांनीही त्याचा गौरव केला. त्याच्या मृत्यूनंतरही कबरींपाशी त्याच्या सन्मानाची घोषणा होत राहावी, अशी तरतूद केलेली होती.

प्रश्न : या दफनभूमींमागे परलोकाविषयीची काही वेगळी श्रद्धा होती का? आणि संघच बंद पडला तर मृतांचे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : श्रद्धेचा स्पष्ट पुरावा थोडा आहे. त्यातला सर्वांत ठसठशीत इटलीतील क्युमे या ग्रीक वसाहतीत सापडला. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या त्या दगडावर एकच वाक्य आहे : बाक्खोसची (म्हणजे दिओनिसोसची) दीक्षा घेतलेल्याशिवाय दुसऱ्या कोणी येथे निजणे धर्माला धरून नाही. येथे दीक्षा हीच प्रवेशाची अट आहे. कॉस किंवा र्‍होड्सच्या लेखांत असा सूर लागत नाही. तिथे हद्द, दस्त आणि नावे यांचेच बोलणे आहे.

संघ बंद पडण्याची काळजी मात्र ते लोक करत असत. रोमन काळात थेस्सालोनिकी येथे दिओनिसोसच्या एका थियासोसची पुजारीण आपल्या मृत्युपत्रात दोन प्लेथ्रा (हे जमिनीचे माप) द्राक्षमळा, त्याच्या चरांसह, दीक्षितांच्या नावे ठेवते. त्याच्या उत्पन्नातून तिच्यासाठी पाच देनारींहून कमी नाही इतक्या खर्चाचे हवन व्हावे आणि लहानथोर प्रत्येक सभासदाने गुलाबाची माळ आणावी. जो आणणार नाही त्याला देणगीत वाटा नाही. या संघाने हे केले नाही तर मळा त्याच अटींवर द्रिओफोरोई या दुसऱ्या थियासोसकडे जावा, आणि त्यांनीही केले नाही तर तो नगराचा व्हावा.

(वाचकांनी आपले प्रश्न पुढील अंकासाठी महिनाअखेरीपर्यंत पाठवावेत.)